दोन फूट पाणी

हौसेला मोल नसते असे म्हणतात. तिला वजन मात्र असते, आणि ते किलोत मोजता येते. पोपट किंवा मांजर पाळणाऱ्याला याचा पत्ता लागत नाही. चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दोन फूट उंच अशी माशांची काचपेटी घरी आणणाऱ्याला मात्र गणित करावेच लागते. तिच्यात जवळजवळ तीनशे लिटर पाणी मावते, म्हणजे तीनशे किलो. दहा मिलिमीटर जाडीच्या काचेचे स्वतःचेच वजन साठ किलोंवर जाते. वाळू, दगड आणि लोखंडी स्टँड धरला की चारशे किलोंचा संसार उभा राहतो. सहा चौरस फुटांत सहा धष्टपुष्ट पाहुणे दाटीवाटीने उभे करावेत, आणि त्यांनी घरी जाण्याचे नावच काढू नये, तसा हा प्रकार!

ही पेटी मला ठाण्याला नौपाड्यात जुनी मिळाली. "पाच वर्षांत थेंब गळला नाही हो," असे तिच्या मालकांनी सांगितले, आणि ते खरेच असावे. पण पुढची दोन वर्षे ती त्यांच्या गॅलरीत कोरडी उभी होती आणि तिच्यात वर्तमानपत्रांची रद्दी नांदत होती. गादीवर निजवून, मुंब्रा आणि शिळफाट्याचे सारे खड्डे मोजत, टेम्पोने ती डोंबिवलीस आली.

जुनी सायकल घेताना आपण घंटी वाजवून पाहतो. जुन्या काचपेटीची परीक्षा बॅटरीच्या उजेडात आणि नखाने करायची असते. ए. ए. ग्रिफिथ या इंग्रज अभियंत्याने १९२१ साली दाखवून दिले, की काचेचे बळ तिच्या जाडीइतकेच तिच्या अंगावरच्या बारीक चिरांवर अवलंबून असते. ताण सारा चिरेच्या टोकाशी एकवटतो. माझ्या पेटीच्या काचा सुदैवाने निर्दोष निघाल्या. मात्र वरच्या तोंडावरची आडवी पट्टी नाहीशी झाली होती आणि आतल्या कोपऱ्यांतले सिलिकॉन साल सुटल्यासारखे निघत होते.

ही आडवी पट्टी नसली तर काय बिघडते, हे समजण्यासाठी ठाण्याच्या मासुंदा तलावाकडे पाहावे. एवढा मोठा तलाव, पण त्यात दोन फूट खोलीवर जितका दाब असतो तितकाच माझ्या पेटीच्या तळाशी असतो. पाणी किती लांबवर पसरले आहे याची दाबाला पर्वा नसते. ते किती खोल आहे एवढेच तो विचारतो. सायमन स्टेव्हिन या डच पंडिताने हे १५८६ सालीच लिहून ठेवले आहे. या हिशेबाने पेटी काठोकाठ भरली तर समोरच्या एकट्या काचेवर दोनशे किलोंहून अधिक रेटा बसतो. खालची कड तळाला आणि बाजूच्या कडा शेजारच्या काचांना चिकटलेल्या असतात. वरची कड मात्र मोकळी, म्हणून तीच मध्यभागी बाहेर झुकते. जाड काच घेणे हा एक उपाय खराच. आठऐवजी दहा मिलिमीटर घेतली तर काच जवळजवळ दुप्पट ताठ होते, कारण ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो. पण हाताशी असलेल्या पेटीला मोकळी कड बांधून घेणे हाच उपाय.

आमच्या काचवाल्याने पुढच्या आणि मागच्या काचेच्या वरच्या कडेला आतून तीन-तीन इंचांच्या लांब पट्ट्या बसवल्या, आणि मध्ये एक आडवी पट्टी टाकून समोरासमोरच्या दोन्ही काचा एकमेकींना बांधल्या. त्याआधी दोन दिवस मी ब्लेडने आतले जुने सिलिकॉन खरवडत होतो. नवे सिलिकॉन काचेला घट्ट धरते. जुन्या सिलिकॉनला ते नीट धरत नाही. हवेतली ओल घेऊन ते सुकते, आणि सुकताना व्हिनेगरचा वास सोडते. "लोणचे बिघडले की काय हो?" अशी चौकशी खालच्या मजल्यावरून आली.

खालच्या मजल्यावर काकू एकट्याच राहतात. सोसायटीतल्या एका अभियंत्याने मला सांगितले होते, की राहत्या घराची जमीन दर चौरस मीटरला सुमारे दोनशे किलो भार धरून आखतात, आणि तोही सबंध खोलीवर पसरलेला. माझ्या पेटीखाली तो साडेतीनपट होत होता. तेव्हा पेटी खोलीच्या मध्यभागी नको. भिंतीलगत, तुळईवर, खांबाजवळ ठेवा, असा त्यांचा सल्ला. तशी भिंत आमच्या घरात एकच. तिच्याच बरोबर खाली काकूंकडे काकांच्या पुस्तकांचे कपाट आहे. काका गेल्यापासून त्यातले एकही पुस्तक जागचे हललेले नाही.

मी खाली जाऊन सारे सांगितले. काकूंनी शांतपणे ऐकले आणि एकच प्रश्न विचारला, "फुटली तर?"

बर्लिनच्या एका हॉटेलातली सोळा मीटर उंचीची माशांची टाकी १६ डिसेंबर २०२२ रोजी पहाटे फुटली. दहा लाख लिटर पाणी रस्त्यापर्यंत वाहून गेले आणि सुमारे दीड हजार माशांपैकी बहुतेक मेले. तिची थोड्याच काळापूर्वी डागडुजी झालेली होती. तज्ज्ञांनाही फुटण्याचे कारण छातीठोकपणे सांगता आले नाही. मग मी काकूंना कसले वचन देणार? माझ्या खोलीत बोटभर पाणी साचेल आणि त्यातले बरेचसे तुमच्याकडे उतरेल, एवढेच खरे ते सांगितले.

"मग आधी खाली आवारात भरून ठेवा," काकू म्हणाल्या. "मी रोज बघत जाईन."

तसेच केले. पाणसळ लावून स्टँड सपाट केला, वर थर्मोकोल घातले आणि खाली कोरडे वर्तमानपत्र अंथरले. पहिल्या दिवशी अर्धी पेटी भरली, तिसऱ्या दिवशी पूर्ण. समोरच्या काचेवर दोरा ताणून मी तिचा फुगवटा पाहत होतो. थोडासा फुगवटा असायचाच. तो दिवसागणिक वाढत नाही ना, हे महत्त्वाचे. काकू सकाळी दूध घ्यायला उतरत, वाकून वर्तमानपत्राला हात लावत आणि न बोलता वर जात. मुले माशांसाठी अधीर झाली होती. पण परवानगी माझ्या हाती उरलीच नव्हती.

आठव्या दिवशी काकू वर्तमानपत्र घडी घालूनच वर आल्या. "कोरडे आहे," म्हणाल्या. "पाणी काढा आणि न्या वर. दिवाळीच्या आत मासे येऊ द्यात."

पेटी आता तुळईवर उभी आहे. घरी येणारे मासे पाहतात, हिरवळ पाहतात. वरच्या आडव्या पट्टीकडे कोणी पाहत नाही. मला मात्र ती रोज दिसते. डोंबिवलीत, कल्याणात, ठाण्यात आपण सारे एकमेकांच्या डोक्यावर राहतो. आपली जमीन ती कोणाचे तरी छप्पर. मग आपल्या हौसेचा रेटा कुठवर झुकू द्यायचा, हे ठरवायला अशी एखादी पट्टी लागते, आणि ती बसली की नाही हे पाहायला खालच्या मजल्यावरचा एक हात.