गच्चीवरचा वड

आमच्या हॉस्टेलच्या गच्चीवर वाळणारे टॉवेल, फुटक्या बादल्या आणि एक वड आहे. हो, वडच! उंची जेमतेम एक वीत.

मूर्तिजापूरजवळ आमच्या गावाच्या फाट्यावर मोठा वड होता. रस्ता रुंद झाला, वड गेला. बाबांनी त्याच्या अंगठ्याएवढ्या जाड दोन फांद्या आणून डब्यांत खोचल्या. वडाची फांदी ओल्या मातीत मूळ धरते, दोन्ही जगल्या. फर्स्ट इयरला अमरावतीला येताना एक मी उचलली. म्हटलं, बोन्साय करू!

मग काय काय केलं ते ऐका. एकाच दिवशी अर्धी मुळं छाटली, फांद्या छाटल्या, वर तारही गुंडाळली. पसरट ट्रेमध्ये शेतातली काळी माती भरली. कापसाला चालते, तर वडाला का नाही? पण ही माती पाणी धरून ठेवते आणि मी ट्रेला भोकच पाडलं नव्हतं. मित्रांना दाखवायचं म्हणून झाड ठेवलं खोलीत, ट्यूबलाइटखाली. पानं पिवळी पडली तसं पाणी वाढवलं. मुळं कुजली. महिन्याभरात खेळ खल्लास!

बाबांना सांगायची हिंमत होईना. शेवटी फोन केला. ते थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "काहून एवढी घाई करून राहिला होता बे? त्याले सावरू तर द्यायचं. दुसरं हाय ना, ते ने."

आता चूक परवडणार नव्हती. ट्रेला भोकं पाडली, त्यावर जाळी. विटांचा चुरा, जाडी रेती, थोडं शेणखत. पहिल्या वर्षी फक्त फांद्या छाटल्या; मुळांना हात लावला पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर. बोट खुपसून माती कोरडी लागली तरच पाणी. मे महिन्यात मात्र दोन वेळा आणि टाकीच्या सावलीत. सुट्टीत मेसचे काका पाणी घालतात. तरी एकदा तार काढायला उशीर झालाच. सालीवरचा तो वळ अजून आहे.

आमच्याच अमरावती-अकोला महामार्गावर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरची डांबरी लेन १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज विक्रम झाला. आम्हा सिव्हिलवाल्यांना त्याचा अभिमान आहेच. पण वडाला तो हिशेब लागू नाही.

आता मी फायनलला आहे. यंदाच्या पावसाळ्यात एका फांदीला दोऱ्यासारखी पारंबी सुटली. बाबांना फोटो पाठवला. लगेच फोन आला.

"मातीले टेकली का?"

"नाही बाबा, अजून नाही."

"टेकंल हळूहळू. वढू नको फक्त!"