नाबाद

क्रीडावृत्तांतात करुण प्रसंग आला, की लेखकाची लेखणी विशेषणांनी ओथंबून येते. हा दोष आमच्याही हातून घडलेला आहे. २०१४ च्या नोव्हेंबरात सिडनीच्या मैदानावर फिलिप ह्यूज हा ऑस्ट्रेलियन फलंदाज ६३ धावांवर खेळत असता उसळता चेंडू त्याच्या मानेवर बसला आणि दोन दिवसांनी तो निवर्तला. सव्विसावे वर्ष पुरे व्हावयास अवघे तीन दिवस उरले होते. त्या रात्री आम्ही एक मृत्युलेख लिहिला. काळाचा घाला, अर्ध्यावर मोडलेला डाव, काही म्हणून त्यात कमी नव्हते.

पुढे कळले, की धावफलकावरील 'जखमी होऊन निवृत्त' ही नोंद तेथील क्रिकेट मंडळाने बदलून '६३ नाबाद' अशी केली. ते दोन शब्द वाचले मात्र, आणि इतका वेळ कोरडे राहिलेले आमचे डोळे भरून आले. आपला लेख आम्ही मुकाट्याने फाडून टाकला.

शोकाला शब्द थोडेच लागतात. पण ते त्या खेळाच्याच घरचे असावे लागतात, हे आम्हांस त्या दिवशी उमगले.