मनगटावरचा कवडसा

माझ्या उजव्या मनगटावर, अंगठ्याच्या मुळाशी, रुपयाएवढा एक पांढरा डाग आहे. सावळ्या हातावर तो कवडशासारखा उठून दिसतो. कवडसा सरकतो, हा सरकत नाही, एवढाच फरक.

दिवसा फळ्यावर लिहायचे, संध्याकाळी कणीक मळायची आणि रात्री कादंबरीतल्या माणसांची लग्ने लावायची. बिचाऱ्या अंगठ्याने सोसावे तरी किती? शेवटी त्याच्या स्नायुबंधांचे आवरण सुजले. या दुखण्याला द केर्व्हँ या स्विस शल्यवैद्याचे नाव आहे. त्याने १८९५ साली त्याचे वर्णन केले. डॉक्टरांनी ट्रायमसिनोलोनचे इंजेक्शन दिले. हे कॉर्टिसोनच्या कुळातले औषध. त्या कुळाच्या संशोधनाबद्दल १९५० साली तिघांना नोबेल पारितोषिक मिळाले. आठवड्यात माझी कळ गेली, तेव्हा मीही त्या तिघांना मनोमन नमस्कार केला.

दोन महिन्यांनी डाग उमटला. हे औषध कातडीलगत झिरपले की तिथली चरबी आणि कातडीला बळ देणारे तंतू झिजतात. रंग तयार करणाऱ्या पेशीही सुस्तावतात. कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झाली, खालची निळी शीर दिसू लागली. डॉक्टर म्हणाले, "बहुधा वर्षभरात भरून येईल. क्वचित येतही नाही."

हळदीकुंकवाला शेजारच्या काकूंनी माझा हात धरला आणि आवाज खाली आणून विचारले, "अगं, हे कोड तर नव्हे? तुझी मुलगी लग्नाची आहे!"

"डाग आहे, काकू," मी म्हटले. "दुखत नाही, आणि कुणाला लागायचाही नाही."

इंजेक्शनचे नाव मी मुद्दामच घेतले नाही. माझ्या सातवीच्या वर्गात तिसऱ्या बाकावर एक मुलगी बसते. तिच्या ओठांभोवती कोड आहे. कोडात शरीराची संरक्षणव्यवस्थाच रंगाच्या पेशी नष्ट करते. तेही कुणाला लागत नाही. 'हे कोड नव्हे' या तीन शब्दांनी मी सुटले असते. ती मात्र होती तिथेच राहिली असती.

एकदा वही दाखवताना तिनेच विचारले, "बाई, तुम्हालाही?"

तिला मी सगळे खरे सांगितले. माझा डाग औषधाने आला, तुझा आपोआप.

"मग तुमचा जाईल?"

"जाईल कदाचित."

तिने क्षणभर माझ्या मनगटाकडे पाहिले. "नाही गेला तरी चालेल, बाई. चांगला दिसतो."

डॉक्टरांच्या वर्षाला अजून चार महिने आहेत. डाग भरतो आहे का, हे रोज सकाळी खिडकीशी जाऊन पाहण्याची मला आताशा घाई नसते.