माळवदावरचे थर

नव्या मुलखात पाय रोवणारा माणूस घरासाठी प्रथम हात घालतो तो पायाखालच्या मातीलाच. अमेरिकेत 1862 च्या होमस्टेड कायद्याने 160 एकर जमीन मिळेल, या आशेने अनेक कुटुंबे नेब्रास्का आणि कॅन्ससच्या गवताळ माळांवर गेली. तेथे इमारती लाकूड जवळपास नव्हतेच. त्यांनी गवताच्या मुळांनी घट्ट विणलेली जमीन नांगराने पट्ट्यांत कापली, तिचे ठोकळे विटांसारखे रचले आणि दोन-दोन फूट जाडीच्या भिंती उभारल्या. ही घरे उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात उबदार असत. पाऊस थांबला तरी छत मात्र आत गळत राही.

मराठवाड्यातील वाचकाला हे वर्णन परके वाटणार नाही. बिलोलीसारख्या जुन्या पेठांच्या गावी परमुलखातून येऊन स्थिरावलेल्या व्यापारी कुटुंबांनीही या भूमीची रीत स्वीकारली. पुढे दुकान, मागे राहते घर आणि वर माळवद. दगडमातीच्या रुंद भिंती, सागाचे खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर आडवी लाकडे, त्यांवर पाला आणि सर्वांवर मातीचा जाड थर. उजेडासाठी व धूर जाण्यासाठी सवणे, पाणी उतरण्यासाठी पन्हळ. घराचे मोठेपण चौरस फुटांत नव्हे, तर खणांत सांगितले जाई.

माळवद गळू नये म्हणून मृगापूर्वी त्यावर नवी माती पसरण्याची पद्धत होती. नवी माती चढे. जुनी मात्र क्वचितच उतरवली जाई. वर्षानुवर्षे असे थर साचत जाऊन काही घरांवर दोन फुटांपर्यंत माती जमली. व्यापाऱ्याने जुनी येणी न तपासता दरसाल पुढे ओढावीत, तसाच हा व्यवहार होता. वरून सारे नीट दिसे. ओझे मात्र तुळयांना ठाऊक असे.

या थकबाकीची वसुली शेजारच्या लातूर जिल्ह्यात झाली. 30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि हजारो माणसे झोपेतच दगडमातीखाली गाडली गेली. मात्र सर्वच घरांची गत सारखी झाली नाही. जेथे छताचा भार थेट भिंतींवर होता, तेथे भिंतीबरोबर छतही कोसळले. जेथे तो लाकडी खांबांवर पेलला होता, तेथे भिंती बाहेर ढासळूनही अनेक ठिकाणी खण उभे राहिले आणि आतील माणसे वाचली. म्हणून दोष केवळ मातीला देता येत नाही. दोष न मोजलेल्या भाराचा होता आणि आधाराच्या चुकीच्या जागेचा.

आज अशा घरांना बहुधा कुलूप असते. मुले नांदेड, हैदराबाद, पुण्यास असतात. सणावाराला घर उघडते आणि गळते माळवद पाहून वर सिमेंटचा स्लॅब टाकण्याचा विचार निघतो. जुन्या दगडमातीच्या भिंतींवर स्लॅब टाकणे म्हणजे जुने कर्ज न फेडता नवे घेणे होय. त्याऐवजी जाणकार अभियंत्याच्या सल्ल्याने साचलेली माती उतरवावी, पातळ थराखाली प्लॅस्टिकचा कागद अंथरावा, किडलेल्या तुळया बदलाव्यात, भिंतीत ठिकठिकाणी आरपार दगड बसवून तिचे दोन्ही पदर बांधून घ्यावेत. 21 मार्च 2024 रोजी नांदेडलाही भूकंपाचे धक्के जाणवले. तेव्हा हा विषय केवळ लातूरचा राहिलेला नाही.

पूर्वजांनी परक्या मुलखात उभारलेले छप्पर जपणे हे वारसांचे कर्तव्य खरेच. परंतु जपणे म्हणजे दरवर्षी थर चढवणे नव्हे. वर्षअखेरीस वहीतील शिल्लक तपासणाऱ्या घराने एकदा शिडी लावून माळवदावरची मातीही मोजावी.