काळ्या अक्षरांतला आकडा

"मामा, या सेलमध्ये फॉर्म्युलाच नाहीये."

भाची मे महिन्यात कोकणात, आमच्या गावी बुरोंडीला आली होती. सांगायला कारण आंब्यांचं, खरं काम लॅपटॉपवरचं. मी वीस-बावीस वर्षं जो धंदा केला तोच ती आता करते. एका टेलिफोन कंपनीचं नेटवर्क दुसरीने वापरलं तर किती पैसे पडावेत, याचं खर्चाचं मॉडेल बांधायचं आणि ते नियामकापुढे मांडायचं. तिला जुन्या मॉडेलांचा साचा बघायचा होता. मी ऐटीत पेनड्राइव्ह काढून दिला. पडवीत बसून अर्ध्या तासात तिला जे सापडलं, ते समोरच्या पक्षाच्या सल्लागारांना, वकिलांना, सुनावणीला कागद चाळत बसलेल्या कोणालाही कधी सापडलं नव्हतं.

आमच्याकडे एक साधी शिस्त असते. बाहेरून आणलेला आकडा निळ्या अक्षरांत, गणितातून निघालेला काळ्या. निळ्याच्या शेजारच्या रकान्यात स्रोत लिहायचा. हा आकडा बाहेरून आलेला होता आणि तरी काळा होता. मीच केला होता काळा.

आकडा कसला, ते सांगतो. टॉवर उभारायची कारणं दोन. एक, गावात रेंज यावी. दुसरं, संध्याकाळी आठ वाजता सगळे एकदम बोलायला लागले तरी फोन लागावा. पहिल्या कारणाचा खर्च कोणी एक शब्द बोललं नाही तरी होतो, दुसऱ्याचा मिनिटांबरोबर वाढतो. पण लोखंड एकच, जागेचं भाडं एकच, जनरेटरचं डिझेलही एकच. त्यातला किती हिस्सा पहिल्याच्या नावावर टाकायचा? माझ्या मॉडेलात तो ४० टक्के होता. ४०च का? नोएडाच्या एका हॉटेलात रात्री दीड वाजता ३५ टाकून बघितले तर उत्तर फार वर जात होतं आणि ४५ टाकले तर फार खाली. सकाळी नऊला फाइल द्यायची होती. अक्षर निळं ठेवलं असतं तर शेजारी स्रोत लिहावा लागला असता.

लोकांना १ मे २००३ आठवतो तो इनकमिंग फुकट झालं म्हणून. त्याआधी मोबाइलवर आलेल्या कॉलचेही पैसे घेणाराच भरत असे. ते फुकट झालं, म्हणजे खर्च नाहीसा झाला नाही. कॉल करणाऱ्याची कंपनी कॉल घेणाऱ्याच्या कंपनीला पैसे देऊ लागली. ते किती द्यायचे हे दूरसंचार नियामक ट्राय ठरवणार, आणि ट्रायपुढे आमच्यासारखे लोक रकाने घेऊन उभे. फेब्रुवारी २००४पासून मिनिटाला ३० पैसे. एप्रिल २००९पासून २०. मार्च २०१५पासून १४. ऑक्टोबर २०१७पासून ६. शून्य व्हायचं होतं ते जानेवारी २०२०ला. एक वर्ष पुढे ढकललं आणि १ जानेवारी २०२१ला झालं. माझी कारकीर्द अशी एका ओळीत मावते, आणि ती ओळ उतरती आहे.

या ओळीतल्या प्रत्येक आकड्याच्या दिवशी मी काय करत असे? निर्णय निघाला की सोबतचं स्पष्टीकरणाचं टिपण उघडायचं, सगळा युक्तिवाद ओलांडून थेट परिशिष्टावर जायचं आणि आपल्या आकड्यापासून त्यांचा आकडा किती लांब आहे ते बघायचं. जवळ असला की दिवसभर चालण्यात फरक पडायचा. ग्राहकाचं भलं झालं की वाटोळं, हे संध्याकाळच्या बातम्यांत कळायचं. मी दोन्ही बाजूंनी बसलो आहे. जिच्याकडे येणारे कॉल जास्त तिच्यासाठी दर वर न्यायचा, जिच्याकडून जाणारे जास्त तिच्यासाठी खाली आणायचा. फाइल तीच. हिस्सा ४०चा ३० व्हायचा, नाहीतर ५५. अक्षरं काळीच राहायची.

बाकीच्या चुकांशी माझं भांडण नाही. भांडवलावरचा परतावा किती धरायचा, यंत्राचं आयुष्य किती, यावर वाद घालता येतो आणि घातला की काहीतरी हाती लागतं. अर्थात तिथेही दिल्लीत बसून टॉवरचं आयुष्य देशभर एकच धरणाऱ्यांना मी बुरोंडीचा खारा वारा दाखवला असता. इथे दारांच्या बिजागऱ्याही फार वर्षं टिकत नाहीत. पण रेंजच्या खर्चाचा हिस्सा हा असला प्रश्न नव्हे. त्याला उत्तर नसतं, फक्त वाटणी असते.

मग आले 'प्युअर एलआरआयसी'वाले, म्हणजे फक्त वाढीव खर्च मोजणारे. युरोपियन कमिशनने २००९मध्ये शिफारस केली, आपल्याकडे २०१७च्या ६ पैशांमागे तीच पद्धत होती. युक्ती देखणी आहे, हे माझ्यातल्या कारागिराला मान्य करावं लागतं. मॉडेल दोनदा चालवायचं. एकदा सगळ्या वाहतुकीसह, एकदा दुसऱ्या कंपन्यांकडून येणारे कॉल वगळून. दोन खर्चांतला फरक त्या मिनिटांनी भागायचा, झालं. हिस्सा ठरवायची गरजच उरत नाही. पण बुरोंडीचा टॉवर या चाळणीतून घातला की काय होतं? सड्यावरच्या टॉवरला लहानात लहान यंत्रसंच पुरतो, येणारे कॉल काढले तरी तोच लागतो. फरक शून्य. दादरला गर्दी एवढी की ते कॉल काढले तर खरोखर काही यंत्रं कमी लागतात. म्हणजे देशभराचा दर दादरसारख्या ठिकाणांनी ठरवायचा आणि बुरोंडीने त्यात बेरजेला शून्य घालायचं. प्रश्न सुटला नव्हता. घरातून काढून अंगणात ठेवला होता.

मी तेव्हा रागावून चार पानांचं टिपण लिहिलं. त्यात बुरोंडीचं नाव नव्हतं, 'कमी घनतेचा किनारी प्रदेश' असं होतं. आज वाटतं, बुरोंडीच लिहायला हवं होतं. कोकणातला माणूस मुंबईत आणि आईबाप गावात. आई मिस कॉल द्यायची, मुलगा दादरहून उलटा फोन करायचा. पैसे त्याचे, मिनिटं येणारी. त्या मिनिटांवर गावातल्या टॉवरला थोडंफार मिळायचं. २०१९मध्ये कंपन्यांनी आमच्या आयांचीच युक्ती उचलली. पलीकडच्याने फोन उचलायच्या आत रिंग थांबावी म्हणून तिचा वेळ २५ सेकंदांच्या आसपास आणला, म्हणजे तो माणूस उलट फोन करणार आणि हिशोबाची दिशा फिरणार. शेवटी १ नोव्हेंबर २०१९ला ट्रायला मोबाइलची रिंग ३० सेकंद आणि लँडलाइनची ६० सेकंद वाजली पाहिजे असा नियम करावा लागला. दर खर्चावरून ठरवा असं आम्ही म्हणत होतो. दरामुळे माणसं कशी वागतात, हा रकाना आमच्या मॉडेलात नव्हता.

गणपतीचाही नव्हता. एर्लांग नावाच्या डॅनिश माणसाने १९१७मध्ये मांडलेल्या गणितावर आम्ही सगळे जगलो: गर्दीच्या तासात किती वाहिन्या असल्या म्हणजे कॉल नाकारला जाणार नाही. पण गर्दीचा तास कोणता? मॉडेलात वर्षाची सरासरी घेतात. बुरोंडीत अकरा महिने टॉवर पेंगतो आणि गौरी-गणपतीत चाकरमानी उतरले की आरतीच्या वेळी फोन लागत नाही. मी एकदा गणपतीचा गुणक घालायचं सुचवलं होतं. बैठकीत हशा पिकला. त्या हशाचा राग मला पुढे कितीतरी वर्षं पुरला.

हसणाऱ्यांत एक गृहस्थ होते, लंडनहून तयार मॉडेल आणून त्यात रुपये भरणारे. त्यांच्या फाइलीत साठ शीट होत्या आणि अर्ध्यांना कुलूप. मी त्यांना कारागीर मानत नाही. पण आताची पिढी तर शीटच ठेवत नाही, सगळं कोडमध्ये. बोट ठेवायला सेल नाही. भाचीला हे म्हटल्यावर ती म्हणाली, "कोडमध्ये अक्षराचा रंग बदलता येत नाही, मामा." गप्प बसलो.

मार्च २०२०मध्ये लॉकडाऊन लागायच्या आधी आम्ही दोघं नवरा-बायको गावच्या घरी आलो ते अडकलोच. ३ जूनला निसर्ग वादळ आलं. दापोली-मंडणगडात माडपोफळी आडव्या, विजेचे खांब आडवे. टॉवर मात्र उभा होता. वीज नाही, डिझेल नाही, मिनिटं शून्य. रेंजचा एखादा तुकडा मिळेल म्हणून लोक परशुरामाच्या पुतळ्याकडच्या उंचवट्यावर जाऊन हात वर करून उभे राहत. मीही राहिलो. मुलीला पुण्यात कळवायचं होतं की जिवंत आहोत. त्या एका न लागणाऱ्या कॉलची किंमत माझ्या कुठल्या रकान्यात बसते, हे मी तिथे उभ्याउभ्या मनात मांडून पाहिलं. सवय वाईट.

पुढे बंदरावरच्या एका तांडेलाला विचारलं. सुरमईला म्हणून गेलात आणि जाळ्यात बांगडाही आला, तर बांगड्याच्या नावावर डिझेल किती टाकायचं? तो माझ्याकडे बघत राहिला. "काका, डिझेल दर्याने खाल्लान. खर्च आधी वजा, मग वाटे." मला ते उत्तर आवडलं नाही, कारण मी आयुष्यभर ज्याचे पैसे घेतले ते काम त्यात लागतच नव्हतं. दिल्लीतही अशी वरच्यावर वजावट आहे, हे त्याला सांगितलं नाही. कंपन्यांच्या महसुलातले ५ टक्के गावांच्या सेवेसाठी निधीत जातात, ते आमच्या मॉडेलाच्या बाहेरून.

भाचीला मी हे सगळं सांगितलं. ४०चा खुलासाही केला, नोएडाच्या हॉटेलसकट. ती हसेल असं वाटलं होतं. तिने विचारलं, "मग तुला स्वतःला किती वाटतं? कोणाच्या बाजूने नाही, आपला तू." मी तीन दिवस विचार केला. गवंडी सापडला की त्याला जांभ्यात अर्थिंगचा खड्डा खणायला किती दिवस लागतात ते विचारलं, सड्यावर जाऊन जनरेटर किती वेळ चालतो ते ऐकलं. चौथ्या दिवशी सांगितलं: इथे ९०, दादरला १०, आणि मधलं मला माहीत नाही.

तिने ४० पुसला नाही. त्याचं अक्षर निळं केलं, आणि शेजारच्या रिकाम्या रकान्यात स्रोत म्हणून लिहिलं: मामा, रात्री दीड.