भामरागडचा बेत

प्रवासापेक्षा प्रवासाचा बेत करण्यात अधिक सुख असते, असे आमचे फार जुने मत आहे. बेतात धूळ उडत नाही, गाडी चुकत नाही आणि परक्या अंथरुणावर रात्र काढावी लागत नाही. यंदा आम्ही भामरागडचा बेत मांडला आहे. पर्लकोटा, पामुलगौतमी आणि इंद्रावती या तीन नद्या जेथे एकत्र येतात, तेथल्या वाळूवर तंबू ठोकावा आणि दोन रात्री पाण्याचा आवाज ऐकत पडून राहावे, एवढीच आमची महत्त्वाकांक्षा.

नकाशा पसरला तेव्हा वाट सोपी वाटली. नागपुराहून बल्लारशाहपर्यंत आगगाडी, तेथून मोटारीने आलापल्ली आणि पुढे रानातून सुमारे 65 किलोमीटर. पण नकाशावर ऋतू छापलेले नसतात. आमच्या चिरंजीवांना दुथडी भरलेली नदी पाहावयाची होती. पावसाळ्यात इंद्रावती चढली, की पर्लकोटेचे पाणी तिच्यात शिरेनासे होते; ते मागे तुंबते आणि भामरागडची वाट बुडते. 2019 साली तर पाणी गावातच शिरले होते. म्हणून पावसाळा बाद. उन्हाळ्याचे नाव विदर्भातल्या माणसाने सहलीसाठी काढू नये. दिवाळीच्या सुटीत हिवतापाचे डास अजून सुटीवर गेलेले नसतात, असे आमच्या डॉक्टर स्नेह्यांनी बजावले. शेवटी जानेवारी ठरला, तोही मच्छरदाणीसह.

खरा वाद पेटला तो टिपणावरून. आमचे एक गणिताचे स्नेही टिपणे करण्यात मोठे वाकबगार. त्यांनी दुसऱ्या दिवसापुढे लिहिले होते : ‘सकाळी संगम, दुपारी माडिया, सायंकाळी हेमलकसा.’ आमच्या सौभाग्यवतींनी ते वाचले, चष्मा काढला आणि विचारले, “भावजी, कुणी ‘दुपारी प्राध्यापकांचे घर’ असे टिपून न कळवता दारात उभे राहिले, तर तुम्ही काय कराल?”

“पण त्या लोकांची राहणी समजून घ्यायला नको का?”

“घ्या की. कोणत्या भाषेत?”

येथे स्नेही गप्प झाले आणि खरे सांगायचे तर आम्हीही झालो. माडिया ही द्राविडी कुळातली भाषा. आमचे संस्कृत आणि इंग्रजी तेथे सारखेच निरुपयोगी. बाबा आमट्यांनी 1973 साली हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, तेव्हा तेथे दवाखाना चालविणाऱ्या प्रकाश आणि मंदाकिनी आमटे यांनाही रोग्याचे दुखणे कळण्याआधी ही भाषा शिकावी लागली. त्यांना जे वर्षांनी साधले, ते आम्ही एका दुपारीत, जेवण आणि चहा यांच्या मध्ये उरकणार होतो!

स्नेह्यांनी ‘दुपारी माडिया’ या शब्दांवर रेघ मारली. परंतु तेथे काय भरावे, हे त्यांना सुचेना. गणिती मनुष्याला रिकामी जागा सोसत नाही. आम्हांला मात्र ती रिकामी दुपारच आता साऱ्या बेतात अधिक मोलाची वाटू लागली आहे.

तंबूचा प्रश्न अजून लोंबकळतो आहे. नदीकाठ म्हणजे कुणाचा तरी पाणवठा, कुणाची तरी मासे धरण्याची जागा. म्हणून आम्ही दोन पत्रे धाडली आहेत : एक वनखात्याला, परवानगीसाठी, दुसरे त्या बाजूला शिक्षक असलेल्या आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याला. रात्री कोठे निजले तर गावाची अडचण होणार नाही, एवढे विचारून वीस माडिया शब्द उच्चारांसह लिहून पाठव, अशी त्याला विनंती केली आहे. उत्तर यावयाचे आहे. तोवर चिरंजीवांनी तंबू गच्चीवर ठोकला असून, घरातले धुणे वाळत घालावयास जागा उरलेली नाही.