बापाचा तुंबा

चांद्याच्या जंगलातून परतलेल्या माणसाला पहिला प्रश्न येतो, "वाघ दिसला का?" मला वाघ दिसला नाही. तुंबा दिसला, आणि हकीकत सांगावी ती त्याचीच.

आलापल्लीहून सागाच्या रानातून निघालेला रस्ता हेमलकशावरून भामरागडला पोचतो. हा मुलूख १९८२ पासून गडचिरोली जिल्ह्यात मोडतो. पर्लकोटा आणि पामुलगौतम या नद्या इथेच इंद्रावतीला मिळतात. बाजाराला आलेल्या एका माडिया म्हाताऱ्याच्या खांद्याला दोरीने तुंबा लटकत होता. धुराने काळाभोर झालेला, आणि मानेभोवती डागलेल्या बारीक रेघा.

बरोबरच्या गुरुजींनी माडियात विचारले, "बाबा, किती वर्षांचा हा?"

"माझ्या बापाचा."

मला नवल वाटले. आपल्या दिवाळीच्या सुमारास, ३१ ऑक्टोबरला, अमेरिकेत लाल भोपळे कोरून आत दिवा लावतात. चार-आठ दिवसांत त्यांना बुरशी येते. ते टिकावेत म्हणून लोक नाना उपाय करतात. पण ओला गर सडायचा तो सडतोच.

म्हाताऱ्याची रीत उलटी. कडू भोपळा वेलीवरच जून होऊ द्यायचा. साल लाकडासारखी झाली की तोंडाशी भोक पाडून पाणी भरायचे. गर कुजला की ओतून टाकायचा, खडे घालून खळखळवायचे आणि कडूपणा जाईपर्यंत पाणी बदलत राहायचे. मग ऊन आणि चुलीवरचा धूर. नक्षी सर्वांत शेवटी, तापल्या सुरीच्या टोकाने, आणि तीही फक्त सालीवर. इंद्रावतीपलीकडे बस्तरातही तुंब्यावर अशीच नक्षी डागतात.

मिरजेचे कारागीर तंबोऱ्यासाठी पंढरपूरकडचे भोपळे आणतात, तेही असेच वाळवलेले. म्हणून तर आजोबांचा तंबोरा नातवाच्या मांडीवर वाजतो!

"यंदा वेल लावलात का?" मी विचारवले.

म्हातारा हसला. "छपरावर दोन ठेवलेत. एक नातवाला, एक बियांना."

त्याच बाजारात प्लास्टिकच्या बाटल्यांचा ढीग होता. बाटली स्वस्त आणि पडली तरी न फुटणारी. ती घेणाऱ्याला नावे ठेवण्याचा मला अधिकार नाही. पण तुंबा बापाकडून मुलाकडे येतो, तसे बी येत नाही. बरीच वर्षे कोणी पेरले नाही, तर त्याची उगवण जाते. भिंतीवर टांगलेला जुना तुंबा शाबूत राहील. नवा मात्र त्यातून कोणाला काढता येणार नाही. त्यासाठी दरसाल कोणीतरी एक फळ न तोडता वेलीवर राहू द्यावे लागते.